गाव हलवायचं की नाही

आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरने एका सकाळी आम्हाला नोटीस दिली. तोवर नोटिसा देणं हे घरमालकाचं आणि वीज कंपनीचं काम होतं. ज्याला आपण रोज मऊ फडक्याने पुसतो, ज्याच्या डोक्यावर कोणी चहाचा कप ठेवला तर दादा अंगावर धावून जातो, तो घरातलाच म्हणावा असा प्राणी आपल्याला मुदत देईल, असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पडद्याच्या मधोमध एक चौकोन उगवला. या सिस्टीमचा आधार लवकरच संपत आहे, तरी नवीन सिस्टीम घ्यावी, असं त्यात अदबीने लिहिलं होतं. खाली दोन बटणं. एकावर 'आता', दुसऱ्यावर 'नंतर'.

मी वाचून दाखवलं.

"'नको' कुठंय?" दादाने विचारलं.

"'नको' नाहीये."

"असं कसं? विचारतोय ना तो? मग नको म्हणायची सोय नको?"

वहिनी मागच्या टेबलावर शिक्क्यांना रबर चिकटवत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "सासूबाई अशाच विचारायच्या. आत्ता वाढू की जरा वेळाने?"

मी 'नंतर' दाबलं. चौकोन गेला आणि दुसऱ्या दिवशी, झोप काढून ताजातवाना झाल्यासारखा, परत आला.

आमचं दुकान पाट्यांचं आणि शिक्क्यांचं. दारावर लावायच्या नावाच्या पाट्या दादा करतो, शिक्के वहिनी करते, आणि मी काउंटरवर गिऱ्हाइकांशी बोलतो. ही वाटणी आमच्या वडिलांची. "धाकट्याच्या हाताला वळण नाही, पण तोंड चालतं," असं म्हणून त्यांनी मला स्टुलावर बसवलं, तो मी अजून तिथेच आहे. गावातल्या ऑफिसांत जेवढं म्हणून काही नामंजूर होतं, ते वहिनीच्या हातच्या शिक्क्याने होतं. 'मंजूर'चे शिक्केही तीच करते, पण ते वर्षानुवर्षं टिकतात. वापर कमी.

आता त्या कॉम्प्युटरच्या पडद्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढे घरात जे रण पेटलं ते कशावरून हे कळायचं नाही.

कॉम्प्युटर आला तेव्हा विकणाऱ्यांनी सोबत शिकवायला एक बाई पाठवल्या होत्या. त्यांनी दादाला फोल्डर समजावला. एका फोल्डरमध्ये दुसरा, दुसऱ्यात तिसरा. दादाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे वस्तू कपाटात ठेवायची, ते कपाट कपाटात ठेवायचं, आणि मग घरभर शोधत हिंडायचं." बाई गेल्या. दादाने पहिली पाटी केली ती पुलाजवळच्या दातांच्या डॉक्टरांची. तिची फाइल त्याने पडद्यावर मधोमध सोडून दिली. दुसरी पाटी वकिलांची होती. वकील त्या डॉक्टरांच्या बरोब्बर समोर राहायचे. मग त्यांना दुसरीकडे कुठे ठेवणार? दादाने त्यांची फाइल डॉक्टरांच्या समोर नेऊन ठेवली. यात त्याने काही मोठा विचार केला होता असं नाही. पण तिसरी पाटी वकिलांच्या शेजाऱ्याची निघाली, आणि एकदा गल्ली पडली की पुढची घरं कुठे येणार हे आपल्या हातात राहत नाही.

अशी त्या पडद्यावर पाटी पाटी करत अख्खी वस्ती उभी राहिली. डावीकडे वरपासून खालपर्यंत एक पट्टी रिकामी होती, ती नदी. खालच्या उजव्या कोपऱ्यात कॉम्प्युटरचं घड्याळ असतं, ते आमच्याकडे स्टेशनचं घड्याळ होतं. कॉम्प्युटरची कचऱ्याची टोपली नगरपालिकेच्या इमारतीला खेटून होती. मुद्दाम नाही, असं दादा अजून शपथेवर सांगतो. बिल्डिंगा झाल्या तेव्हा तो आयकॉनवर आयकॉन ठेवायला लागला, वरच्या मजल्यावरचा वर. इतर दुकानदार धंदा वाढला की दुकान मोठं करतात. आमच्याकडे टेकडीपलीकडे वस्ती झाली तेव्हा मॉनिटर मोठा घेतला.

फाइलींना नावं द्यायचे कष्ट दादाने कधी घेतले नाहीत. सगळ्यांची नावं 'पाटी', 'पाटी नवी', 'पाटी नवी नवी' आणि 'पाटी आता शेवटची'. त्याला नावाची गरजच नव्हती. कोणी येऊन सांगायचं, पाटी तडकलीय, किंवा मुलगा डॉक्टर झालाय, त्याचंही नाव खाली घाला. दादा विचारायचा, "कुठे राहता?" आणि बाण घेऊन निघायचा. पूल ओलांडून, शाळेवरून वळून, थेट घरात.

दादाचं डोळ्यांचं दुखणं नंतर आलं. नजरेचा मधला भाग झिजलाय, कडा शाबूत आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे ज्याच्याकडे बघावं ते दिसत नाही आणि ज्याच्याकडे बघत नाही ते स्वच्छ दिसतं.

"याला आजार म्हणतात होय?" वहिनी म्हणाली. "मला इतकी वर्षं वाटलं, स्वभाव आहे."

माझ्याकडे बघून बोलताना आता दादाला माझे फक्त कान दिसतात. यात आपलं फार नुकसान झालेलं नाही, असं तो म्हणतो. पाटीवरचं अक्षर तो पडद्याएवढं मोठं करून, मान तिरकी धरून बघतो, आणि मशीनवर कोरून झालं की बोटांनी तपासतो. आयकॉनखालची नावं म्हणजे त्याला मुंग्यांची रांग. पण ती तो आधीही वाचत नव्हता. त्यामुळे त्याच्या नजरेचं दुकानाबाहेर कोणालाच माहीत नाही, आणि कळता कामा नये ही त्याची एकमेव अट. "ज्याला दिसत नाही त्याच्याकडून कोण अक्षरं कोरून घेईल?" तो म्हणतो, आणि याला माझ्या चालत्या तोंडाकडेही उत्तर नाही.

म्हणजे सगळा डोलारा पडद्यावरचं गाव जागच्या जागी असण्यावर उभा होता. ते जागेवर होतं तोवर दादा कारागीर. ते हललं, की तो गिऱ्हाइकासमोर चाचपडणारा एक म्हातारा. तो चौकोन रोज सकाळी विचारत होता ते हेच, त्याला फक्त माहीत नव्हतं.

पहिली तोफ माझ्या पुतणीने डागली. ती दूरच्या शहरात नोकरी करते आणि आम्हाला फोनवरून चालवते.

"काका, स्पीकरवर टाक. बाबा, ऐकताय? आधार संपला ना, की काही बिघडलं तरी कोणी येणार नाही हं."

"आत्ता कोण येतंय?" दादा म्हणाला.



"अहो!" वहिनीने डोळे वटारले, पण ते कडेला नसल्याने दादाला दिसले नाहीत.

"मी सुट्टीत येणार आहे, बाबा," पुतणी म्हणाली. "पण त्याआधी कॉम्प्युटरचं करा काहीतरी. लोक हल्ली फोनवरून डिझाइन पाठवतात, ते तुमच्या सिस्टीमवर उघडतं तरी का? काका, तू सांग."

उघडत नव्हतं. हे मला काउंटरवर रोज तोंडावर आपटून कळत होतं. लोक फोन पुढे करायचे, मी फाइल घ्यायचो, कॉम्प्युटर 'ओळख नाही' म्हणायचा, आणि लोक स्टेशनजवळच्या नव्या दुकानात जायचे. पण दादासमोर हे बोलायची माझी छाती नव्हती. मी म्हटलं, "काही उघडतात, काही नाही." उघडणाऱ्या कोणत्या, हे सुदैवाने कोणी विचारलं नाही.

तरी पुतणीच्या आग्रहाने डॉक्टरणीला बोलावलं. ही कॉम्प्युटर दुरुस्त करणारी तरुण बाई. बॅग घेऊन येते, आल्या आल्या "काय होतंय?" विचारते आणि जाताना पथ्य सांगते, म्हणून डॉक्टरीण. तिने कॉम्प्युटर तपासला. मशीन चांगलं आहे, नवी सिस्टीम झेपेल, पाट्या कोरायचं मशीनही चालेल, असं तिने सांगितलं.

"आणि हे?" दादाने पडद्यावर हात फिरवला.

"फाइल एकही जाणार नाही, काका. आयकॉन जरा इकडेतिकडे होतील, एवढंच."

"तुम्ही कुठे राहता?"

"बाजारामागे. का?"

"संध्याकाळी घरी गेलात आणि घर जरा इकडेतिकडे झालेलं असलं, तर चालेल?"

डॉक्टरणीने पडद्याकडे बघितलं. मग पुलाकडे, स्टेशनकडे, बाजाराकडे बघितलं. "अगं बाई," ती म्हणाली, आणि बोट ठेवलं. "हे आमचं?"

"मागचं. ते पुढचं तुमच्या घरमालकाचं. पाटी बदलायला झालीय, सांगा त्याला."

तिने आयकॉन मोठे करून देते म्हटलं, म्हणजे नावं वाचता येतील. दादा म्हणाला, मग गाव मावणार नाही, टेकडीपलीकडच्यांना कुठे पाठवू? तिने बॅग आवरली. त्या दिवशी मी पुन्हा 'नंतर' दाबलं.

पुढे महिनाभर दाबत राहिलो असतो. पण एका दुपारी वकिलांची मुलगी आली. तेच वकील, पडद्यावरचं दुसरं घर. मुलगीही आता वकील झाली होती. वडिलांच्या नावाखाली तिचं नाव घालायचं होतं. तिने कोणाकडून तरी छान डिझाइन करून आणलं होतं, फोनमध्ये. मी घेतलं. कॉम्प्युटर म्हणाला, ओळख नाही. मी परत घेतलं. त्याने परत ओळख दिली नाही.

"राहू दे काका," ती म्हणाली. तिलाच ओशाळल्यासारखं झालं होतं. "मला जरा घाई आहे. स्टेशनपाशी देते आत्तापुरती."

ती गेली. दादा आत खुर्चीत बसला होता. बाण वकिलांच्या घरावर जाऊन उभा होता, तिने "पाटी" म्हटल्याबरोबर तो तिथे पोचला होता. बराच वेळ बाण हलला नाही.

"अशी किती जणं परत गेली?" त्याने विचारलं.

मी गप्प. वहिनी म्हणाली, "भाऊजी पहिल्यांदाच गप्प बसलेत. समजा काय ते."

"बोलाव डॉक्टरणीला," दादा म्हणाला.

ती येणार त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. दादा गाव बघायला निघाला. मी शेजारी स्टूल ओढून बसलो. बाण पुलावरून हळूहळू जात होता, जेवून शतपावली घालायला निघाल्यासारखा. हे घड्याळजी. पाटीवर घड्याळ कोरून हवं होतं, आणि काटे किती वाजता ठेवायचे यावरून नवरा-बायकोत जुंपली होती, शेवटी काट्यांशिवायच नेली. हे दोघे भाऊ. वेगळे झाले तेव्हा पाटी मधोमध कापून न्यायला आले होते. दादाने करवत उचलली आणि विचारलं, आडनाव कोणाच्या वाट्याला जाणार ते आधी ठरवा. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि पाटी न कापता गेले. भांडण मात्र मिटलं नाही. पाटी दोघांपैकी कोणाच्याच दारावर लागली नाही. या गाणं शिकवणाऱ्या बाई. एकट्या राहायच्या, आणि पाटीवर नाव एवढं मोठं हवं होतं, की रस्त्याच्या पलीकडून कोणी वाचलं तर त्याला वाटावं आत बरीच माणसं आहेत.

"आणि हे काय, थिएटरपाशी?" मी विचारलं.

"तिकीटवाला. गेटाशी खोलीत राहायचा. त्याला पाटी नको होती, बायकोला हवी होती. म्हणायची, लोक सिनेमाचं नाव वाचतात, याचं कोणी वाचत नाही."

बाण तिथे जरा थांबला. मग बाहेर बॅग ठेवल्याचा आवाज आला आणि डॉक्टरणीने विचारलं, "काय होतंय?"

फोटोची कल्पना वहिनीची. "सगळ्यांचा एकदा फोटो काढून ठेवा," ती म्हणाली, "लग्नात शेवटी उभे करतात तसा. म्हणजे कोण कुठे होतं ते कळेल." डॉक्टरणीला पटलं. तिने पडद्याचा जसाच्या तसा फोटो काढून ठेवला. आणि मग मी 'आता' दाबलं.

पडदा काळा झाला. मधे काही ठिपके गोल गोल फिरत राहिले. मधूनच 'थोडं थांबा', मधूनच 'जवळजवळ झालं' असं यायचं. माझ्या ओळखीत काम न करता इतका वेळ इतक्या आत्मविश्वासाने फिरणारे फक्त ऑफिसांतले कारकून आहेत. दादा सगळा वेळ उभा होता. बस म्हटलं तर म्हणाला, ऑपरेशनच्या वेळी कोणी बसत नाही.

शेवटी पडदा उजळला. हिमाच्छादित डोंगर, पायथ्याशी निळंशार तळं. फार सुंदर जागा होती. आमचं एकही गिऱ्हाईक तिथे राहत नव्हतं. आणि डावीकडे, पडद्याच्या कडेला एकाखाली एक, एकाशेजारी एक, सगळे आयकॉन शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे होते. पाटी, पाटी, पाटी नवी, पाटी. नव्या सिस्टीमने अख्खं गाव उचलून नदीत उभं केलं होतं.

"काय झालं? आलं का?" दादा मान तिरकी करून बघत होता.

वहिनी म्हणाली, "आलंय सगळं. जरा पूर आलाय."

डॉक्टरणीने धीर दिला. फोटो बघून एकेक फाइल ओढून जागेवर ठेवा, चार दिवसांचं काम आहे, म्हणाली. तो डोंगर नको असेल तर मागचं चित्र कसं बदलायचं तेही मला दाखवलं, आणि गेली. दादा तोंड धुवायला मागे गेला.

त्या अवधीत मी आणि वहिनीने जे केलं, ते तेव्हा आम्हाला अतिशय हुशारीचं वाटलं होतं. चार दिवस कशाला? फोटो आहेच. डोंगराच्या जागी आम्ही गावाचा फोटो लावला. नदीतली गर्दी लपवायचं एक बटण मला सापडलं, तेही दाबलं. आणि पडद्यावर गाव होतं तसं उभं राहिलं! नदी मोकळी, पूल पुलाच्या जागी, टोपली नगरपालिकेपाशी. वहिनीने तर टाळी दिली मला. फोटोतल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं की माणसाचं नाव सांगणारे फोन निघालेत. मग फोटोतल्या फाइलीवर टिचकी मारली, तर नव्या सिस्टीमने ती उघडायला काय हरकत होती?

दादा आला. मान तिरकी केली. त्याचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं, एवढ्यासाठी आपण उगीच घाबरत होतो. तो खुर्चीत बसला, माऊस हातात घेतला, आणि पूल ओलांडून सरळ दातांच्या डॉक्टरांकडे गेला. टकटक. काही झालं नाही. परत टकटक. मग समोर वकिलांकडे. मग शाळेच्या गल्लीत, एका घरी, दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी.

"दार वाजवतोय," तो म्हणाला. "कोणी उघडत नाही."

मी चित्राचं सांगितलं. सांगताना आमची हुशारी शब्दागणिक कमी होत गेली. दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त माऊस सरळ करून ठेवला, कामाच्या वेळचा डगला काढून खुंटीला अडकवला, आणि म्हणाला, "मी घरी जातो. तुम्ही दोघं सांभाळा आता. तुला अक्षर येत नाही, पण हिचं चांगलं आहे, ती शिकेल."

असं तो कधी बोलला नव्हता. दुकान बंद करतो म्हणायचा, विकतो म्हणायचा, पेटवून देतो म्हणायचा. 'तुम्ही सांभाळा' पहिल्यांदाच म्हणाला. दाराकडे जाताना त्याने काउंटरच्या कडेला हात लावून अंदाज घेतला, आणि ते मी पाहिलं.

वहिनी अडवायला उठली नाही. ती त्याच्या खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, "भाऊजी, तो पूर परत आणा." मी आणला. तिने पहिली 'पाटी' उघडली, आणि मोठ्याने, गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात, पाटीवरचं नाव वाचलं.

"हे कुठे राहायचे?"

दादा दारात पाठमोरा होता. "पाण्याच्या टाकीला लागून."

"आणि टाकी कुठे?"

"टाकी कुठे म्हणजे? जन्म काढलास इथे. शाळेच्या वर."

"मला वरखाली कळत नाही. मी बाजारात चालत जाते, उडत नाही." तिने फाइल ओढली आणि फोटोतल्या भलत्याच घरावर नेऊन ठेवली. मला दिसत होतं, पण तिने माझ्याकडे असं बघितलं की मी छताकडे पाहू लागलो. "ठेवलं शाळेखाली."

"अगं, शाळेखाली तो कुंभार येतो! त्याच्या डोक्यावर ठेवतेस?" दादा वळला. "सरक. सरक तिकडे."

आणि तो परत येऊन बसला. डगला न घालताच.

मग तेच काम सुरू झालं. मी फाइल उघडून नाव वाचायचो, दादा क्षणभर मान तिरकी धरायचा, आणि ओढत नेऊन तिच्या चित्रावर ठेवायचा. नाव ऐकलं की आधी घर यायचं, मग माणूस, मग त्याने घातलेली हुज्जत. गाव हळूहळू नदीतून वर येत होतं. पण दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी वहिनी मागच्या टेबलावरून म्हणाली, "ते गाणं शिकवणाऱ्या बाईंचं घर आता नाहीये. तिथे गाड्या लावतात."

"कधीपासून?"

"झाली वर्षं. आणि घड्याळजींकडे बँक आलीय. थिएटर पाडलं, तिथे बिल्डिंग झाली, मोठीच्या मोठी."

नजर गेल्यापासून दादा घर ते दुकान आणि दुकान ते घर, माझ्या कोपराला धरून एवढाच रस्ता चालत होता. बाकी सगळीकडे तो पडद्यावरच जाऊन यायचा. तिथे बाईंचं गाणं चालू होतं, आणि तिकीटवाला गेटाशी बसलेला होता. आम्ही दोघांनी त्याला कधी सांगितलं नव्हतं. वहिनीला वाटायचं मी सांगितलं असेल, मला वाटायचं तिने.

"तू रोज त्या बाजूने जातेस?" त्याने वहिनीला विचारलं.

"जाते की."

"मग उद्या मला ने."

पुढचे काही दिवस दुकान उशिरा उघडत होतं. आम्ही तिघं सकाळी निघायचो. वहिनी सांगायची, हे गेलं, हे आहे, याच्या जागी ते आलं. दादा फाटकाशी जाऊन पाटीवर बोटं फिरवायचा. "आपली," म्हणायचा, किंवा "स्टेशनवाल्याची. कडा घासलेल्या नाहीत, बोट कापेल कोणाचं." एका घरातून गृहस्थ बाहेर आले आणि त्यांनी जरा दरडावूनच विचारलं, काय पाहिजे.

"तुमचा स्क्रू ढिला झालाय," दादा म्हणाला.

"पाटीचा," मी घाईघाईने जोडलं. घरात तोंड चालणारा एक माणूस लागतो तो यासाठी.

टेकडीपलीकडे मात्र तो रस्त्यातच थांबला. तिथे ओळीने इतकी दारं होती, की त्याला मोजता आली नाहीत, आणि बहुतेकांवर पाटीच नव्हती. "एवढे लोक बिनपाटीचे राहतात?" त्याने वहिनीला दोनदा विचारलं. परतीच्या वाटेवर तो जरा भरभर चालत होता.

दुकानात येऊन त्याने जे होते त्यांना जागेवर बसवलं. जे नव्हते, त्यांच्या फाइली नदीतच राहू दिल्या. मी विचारलं, पुसून टाकू का? तो म्हणाला, कोणाचं काय अडलंय त्यांच्यावाचून, राहू दे, पाण्याला काय ओझं. मागचं चित्रही बदलू दिलं नाही. त्यामुळे पडद्यावर गाणं शिकवणाऱ्या बाईंचं घर दिसतं, तिथे टिचकी मारली तर काही होत नाही. वहिनी म्हणते, बघून डोळे दुखतात, अर्धी माणसं आणि अर्धी भुतं. दादाला तो त्रास नाही. त्याला दोन्ही सारखीच धूसर.

परवा एक बाई आल्या. फोन पुढे केला. फाइल उघडली, पहिल्या झटक्यात.

"कुठे राहता?" दादाने विचारलं.

"त्या थिएटरच्या जागेवर बिल्डिंग झालीय ना, तिथे. वरचा मजला."

बाण निघाला. बाजारावरून गेला, बँकेपाशी क्षणभर अडखळला, कारण तिथे पूर्वी घड्याळजी होते, आणि थिएटरपाशी पोचला. तिकीटवाल्याच्या खोलीचं चित्र तिथे होतं. दादाने बाईंची फाइल जरा वर, मोकळ्या जागेत ठेवली. काल त्या परत आल्या. नवऱ्याचं नाव खाली नको, शेजारी हवं, असं घरात ठरलं होतं. मी उठायच्या आत दादाने बाण नेला, टकटक केलं आणि पाटी उघडून समोर ठेवली.

बाई काउंटरवरून वाकून बघत होत्या. "सगळ्यांखाली 'पाटी'च लिहिलंय की हो!"

"पाट्यांचं दुकान आहे," दादा म्हणाला.

"मग माझी कशी सापडली? तुम्ही तर नाव वाचलंही नाहीत."

वहिनीच्या हातातलं रबर थांबलं.

"तुम्ही संध्याकाळी घरी जाता," दादा त्यांच्या कानाकडे बघत म्हणाला, "तेव्हा दारावरचं नाव वाचून आत शिरता का?"

बाई हसल्या. म्हणाल्या, अजून पाटीच लागली नाहीये, वाचणार काय?

"हां, तेही खरं," दादाने खुंटीवरचा डगला काढून अंगात घातला. "पितळी करू की लाकडी?"